हॉर्नची दुरुस्ती

१५ एप्रिल १९९४, सकाळी ६

काल जयंतीच्या मिरवणुकीत ट्रकवर होतो. मागे पोरांमध्ये नाही, पुढे केबिनमध्ये, सुकलाल उस्तादच्या शेजारी. सुरतच्या भेस्तानहून निघालो ते तीन तास सगळा रस्ता आमच्यासाठी बाजूला सरकत होता. सोळा वर्षं लूमवर उभा आहे, माझ्यासाठी कधी मांजरसुद्धा सरकलं नाही. केबिनमध्ये बसल्याबरोबर कळलं की मी मुळात ड्रायव्हर आहे. कारागीर चुकून झालो.

संकल्प: दिवाळीच्या आत हेवी लायसन्स. दोन वर्षांत स्वतःची गाडी. मागच्या फळीवर बायको-पोरीची नावं लिहायची, 'शकू-साक्षी'.

तक्रार: या वर्षी लाउडस्पीकर फार मंद होते. वर्गणी घेतात पंचवीस रुपये आणि आवाज चार आण्याचा. शकूला तसं बोललो तर म्हणते, साक्षीने कानात कापसाचे बोळे घातले होते. बायकांना सगळंच जास्त वाटतं.

१८ एप्रिल

चौकशी केली. ट्रेनिंग स्कूलची फी दोन हजार दोनशे. ट्रकचा फोटो भिंतीवर आणि शिकवायला मारुती. नमस्कार करून बाहेर आलो.

सुकलाल उस्ताद आमच्या यावलकडचाच. साड्यांची पार्सलं नेणाऱ्या ट्रान्सपोर्टवर वीस वर्षं ड्रायव्हर. त्याची रीत जुनी. फी अजिबात नाही. शिकणाऱ्याने गाडी धुवायची, उस्तादचं जेवण, चहा, तंबाखू बघायचं, सरावाचं डिझेल भरायचं आणि गाडीला काही झालं तर तेही भरून द्यायचं. फी नाही म्हणजे फुकटच की.

१ मे

शकूचं शिलाई मशीन विकलं. चौदाशे आले. ती त्यावर बाजारच्या साड्यांना फॉल लावायची, पण मी गाडीवर बसल्यावर तिला ते करायची गरजच काय?

सकाळी तिला सांगितलं तेव्हा ती स्टोव्हकडे तोंड करून काहीतरी बोलली. बराच वेळ बोलली. मी मान हलवली. नकार असता तर माझ्याकडे बघून बोलली असती.

आमच्या घराला एक शिस्त आहे. साक्षीला मला काही सांगायचं असलं की ती पळत समोर येते, माझ्या गुडघ्यावर हात ठेवते आणि मगच तोंड उघडते. नऊ वर्षांची पोर. शेजारच्या गणपतबाबांची नातवंडं कुठूनही बोंबलतात. साक्षीला हे मी कधी शिकवलेलं नाही. वळण असावं लागतं घरात.

८ मे

पहिला धडा. भेस्तानच्या मागच्या मैदानात. जुनी टाटा. केबिनमध्ये लिंबू-मिरची टांगलेली, वाळून काळी झालेली. मी म्हणालो, आपण असलं मानत नाही. उस्तादने तंबाखू मळता मळता सांगितलं की या गाडीने आजवर दोन माणसं घेतली आहेत आणि ती तिसऱ्याची वाट बघते. मी हसलो. उस्ताद हसला नाही.

गिअर टाकताना उस्ताद म्हणतो, इंजिन रडतंय, ऐक. आता इंजिन ऐकायचं कशाला? मी चप्पल काढून ठेवली. तळपायाला बरोबर कळतं. सोळा वर्षं लूमसुद्धा मी पायानेच ओळखतो. पाचव्या मिनिटाला चारही गिअर अचूक. उस्ताद माझ्या पायांकडे बघतच राहिला. असा विद्यार्थी त्याला मिळाला नसणार.

डिझेल ऐंशी रुपये. उस्तादची बिर्याणी बावीस. तंबाखू पाच.

२२ मे

ड्रायव्हर लोक फार पुटपुटतात. आमच्या लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, अठ्ठेचाळीस लूम एकदम चालतात, तिथे कोणी घसा फोडत नाही. धागा तुटला, दोन बोटं. चहा आला, अंगठा. बाकी सगळं ओठांवर. या टोकाचा कारागीर त्या टोकाच्याला बायकोच्या भांडणाची गोष्ट सांगतो आणि एक अक्षर चुकत नाही. उस्ताद मात्र खिडकीतून बाहेर बघत बोलतो आणि वर माझ्यावरच चिडतो. तोंड दाखवायला काय पैसे पडतात?

गाडीचा हॉर्न फुसका आहे. दाबला की दूर कुठेतरी डास गुणगुणल्यासारखं. स्वतः मेकॅनिककडे नेला. त्याने तपासायचे साठ रुपये घेतले आणि म्हणाला, "हॉर्नमध्ये काही बिघाड नाही." चोर आहेत लेकाचे.

५ जून, दुपारी

पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये पार्सल भरायला गेलो. उस्तादने रिव्हर्स माझ्या हातात दिला. शकूचा भाऊ प्रदीप ट्रान्सपोर्टवर हमाली करतो, तो मागे उभा. या धंद्यात मागे आरसा पुरत नाही. मागचा माणूस गाडीच्या पत्र्यावर थाप मारतो. एक थाप म्हणजे थांब. दोन म्हणजे चालू दे. साधी रीत आहे, लहान पोरालाही कळेल.

गाडी मिलच्या भिंतीत गेली. भिंत पडली. प्रदीप उडी मारून बाजूला झाला म्हणून. नाहीतर.

नाहीतर काही नाही. चूक प्रदीपची. थाप मारली म्हणतो, सात-आठ वेळा मारली म्हणतो, तळहात लाल झालेला दाखवतो. मला एकही पोचली नाही. हमाल असून हातात जोर नाही. पुढच्या वेळी दगड घे म्हणून सांगितलं.

भिंतीचे अकराशे. शकूच्या डोरल्यातले चार मणी गेले. तिने स्वतःच काढून दिले. देताना माझ्याकडे असं बघत होती की मीच दुसरीकडे बघितलं.

१९ जून

एजंट भला माणूस. जुन्या तारखेचं लाइट लायसन्स दाखवू, मग हेवी. सगळे मिळून दोन हजार आठशे. मेडिकलला जावं लागलं नाही. डॉक्टरची सही आधीच मारलेली. डोळे: ठीक. कान: ठीक. बघा, डॉक्टरला माणूस न बघता कळतं.

आज घरी येताना सायकलवर होतो. मागचा रिक्षावाला अंगावर येता येता राहिला आणि पुढे थांबून शिव्या द्यायला लागला. हॉर्न मारला म्हणे. सुरतच्या रिक्षांचे हॉर्नही फुसके झालेत. सगळा माल नकली.

१० जुलै

लायसन्स आलं. फोटोत मी जरा गंभीर दिसतो. मोठ्या गाडीचा माणूस गंभीरच दिसायला हवा.

लूमचं काम सोडलं. मुकादमाने सोळा वर्षांचा हिशोब केला, वर खिशातले पन्नास दिले आणि तोंडासमोर तोंड आणून विचारलं, पोपट, घरी बोलून ठरवलंस ना? त्याला वाटलं, मी घाईत आहे. जळतात. मी म्हणालो, घरी कधीच ठरलंय.

शकूला घरी येऊन सांगितलं. ती पाट्यावर चटणी वाटत होती. वाटतच राहिली. पाटा फुटेल असं वाटलं.

गाडीला नवा हॉर्न बसवला. माझ्या खर्चाने, साडेतीनशे. दुकानदाराने वाजवून दाखवला तेव्हा उस्तादने दोन्ही कानांवर हात ठेवले. माझा एवढा खर्च झाला म्हणून त्याला अवघडल्यासारखं झालं असणार. हॉर्न जुन्यासारखाच फुसका. पण आता बोलणं बरं दिसत नाही.

७ ऑगस्ट

आज बारडोलीच्या रस्त्यावर उस्तादने पहिल्यांदा हायवेवर स्टिअरिंग दिलं. पंचेचाळीसचा स्पीड. दोन्ही बाजूला ऊस. मी राजा.

मग उस्तादने एकदम स्टिअरिंगवर झडप घातली. आमच्या उजव्या अंगाने एक लक्झरी बस गेली, मधे कागद सरकला नसता एवढ्या जवळून. बसमधले लोक खिडकीतून हातवारे करत होते. उस्तादने गाडी कडेला घेतली, उतरला आणि उसाच्या बांधावर जाऊन बसला. मी पाणी घेऊन गेलो. त्याने ते सगळं स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतलं. साठीला आलाय, झेपत नाही आता. मनात ठरवलं, पुढे माझी गाडी झाली की याला दिवाणजी म्हणून ठेवायचं.

बसने हॉर्न न देता ओव्हरटेक केला, असं मी म्हणालो. उस्ताद उठला. मग माझ्या मागे गेला. तिथे काय करत होता देव जाणे. मी वळून बघितलं तर तो टाळ्या वाजवत होता, एकटाच, माझ्या डोक्यामागे.

८ ऑगस्ट

उस्ताद घरी आला होता. माझ्याकडे पाठ करून शकूशी बराच वेळ बोलला. ती जमिनीकडे बघत होती. मधेच तिने पदर डोळ्याला लावला. माणसाची तारीफ त्याच्या तोंडावर करू नये, हे उस्तादला कळतं.

निघताना समोर आला, माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि स्वच्छ बोलला, "पोपट, तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे आता काही नाही."

शिक्षण पूर्ण. संकल्पाच्या जवळजवळ तीन महिने आधी.

२८ ऑगस्ट

ट्रान्सपोर्टवाले गाडी देत नाहीत. सात ठिकाणी गेलो. सगळे म्हणतात, उस्तादला विचारून सांगतो. विचारल्यावर सांगत नाहीत. उस्तादच्या शब्दाला हल्ली बाजारात वजन उरलेलं नाही, असं दिसतं.

शकू एका शेठाणीकडे भांडी घासायला जाते. तात्पुरतं आहे.

गल्लीत मेलेला उंदीर पडला होता. नाल्याजवळ आणखी तीन. कोणी उचलत नाही.

२३ सप्टेंबर, सकाळी

शहरात प्लेग आलाय म्हणतात. माणसं दोन दिवसांत मरतात म्हणतात. कालपासून दवाखान्याबाहेर कॅप्सूलसाठी रांग आहे, पण कॅप्सूल संपल्या आहेत. लूमची खाती बंद. डायमंडचे कारखाने बंद. स्टेशनवर माणसं टपावर बसून जातायत.

सगळ्यांनी तोंडाला रुमाल बांधलेत. आणि रुमाल बांधल्यापासून एकजात सगळे पुटपुटायला लागले आहेत. भाजीवाला पुटपुटतो. गणपतबाबा पुटपुटतात. काल प्रदीप दारात उभा राहून पाच मिनिटं बोलला आणि मला एक शब्द कळला नाही. कापडातून आवाज येत नाही, एवढं साधं यांना कळू नये?

साक्षी समोर आली, गुडघ्यावर हात ठेवला, काहीतरी बोलली. रुमालावर तिचे डोळे तेवढे दिसले. मी म्हणालो, हो, हो. ती तिथेच उभी राहिली. मग आईकडे गेली. मला उगीचच फार वाईट वाटलं.

२४ सप्टेंबर, संध्याकाळी ६

शेवटी माझी वेळ आली.

शेठ परवाच कुटुंबासकट पळाला. ट्रान्सपोर्टचे सगळे ड्रायव्हर पळाले. सुकलाल उस्ताद काल एस.टी.ने गेला, जाताना किल्ली प्रदीपकडे ठेवून. गाडी उभी आहे, टाकी अर्धी आहे आणि आख्ख्या वस्तीत हेवी लायसन्स माझ्या एकट्याकडे.

वस्तीतले लोक दारात जमले. काय म्हणत होते ते रुमालातून कळलं नाही, पण हात जोडलेले दिसत होते. हात जोडलेले मला कळतात. गणपतबाबांनी माझ्या पायाला हात लावला. सत्तर वर्षांचा माणूस. अंगावर काटा आला.

प्रदीप एकटा बाजूला उभा होता. किल्ली मुठीत धरून. देत नव्हता. शेवटी लोकांनीच काढून घेतली.

ठरलं. पहाटे उजाडताच निघायचं, नवापूरपर्यंत. तिथून पुढे ज्याचा तो एस.टी.ने. एकंदर छत्तीस माणसं, अकरा त्यातली लहान. शकू नाही म्हणत असावी. ती समोर उभी राहून जोरजोराने मान हलवत होती. तिला वाटतं, मला बाहेर हवा बाधेल. मी म्हणालो, तू माझ्याजवळ केबिनमध्ये बस, म्हणजे झालं.

एवढ्या दिवसांत जे काही गेलं, मशीन, मणी, लूम, ते एका सकाळीत वसूल होईल.

२५ सप्टेंबर, सकाळी ११. रुळांजवळ.

शांतपणे लिहितो.

सहाला निघालो. पलसाण्यापर्यंत गाडी मलईसारखी. हायवेवर ट्रक, टेम्पो, स्कूटरवर पाच-पाच माणसं. सगळं सुरत रस्त्यावर. पुढे तीन तास जाममध्ये गेले, म्हणून बारडोलीच्या अलीकडे आतला उसाचा रस्ता धरला. हुशारीचा निर्णय. रस्ता रिकामा. दोन्ही बाजूला ऊस डोक्याच्या वर.

शकू शेजारी, साक्षी तिच्या मांडीवर. शकू सारखी खांद्यावर मारत होती. निघाल्यापासूनच मारत होती, सायकल आली की मार, बैल आला की मार. भित्री आहे. मी हात झटकला.

मग पायात जाणवलं. मागे पत्र्यावर थापा. एक नाही, दोन नाही, शंभर. मला बरं वाटलं. लोक शहरातून सुटले, खुशीत आले, मिरवणुकीसारखे वाजवतायत. आणि एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चालू दे, तर शंभर म्हणजे काय? मी अॅक्सिलरेटर दाबला.

तळपायाला आणखी काहीतरी लागलं. इंजिनचं नव्हतं. जमिनीतून येत होतं, खालून, मोठं.

शकूने साक्षीला मांडीवरून ढकललं. स्वतःच्या तोंडावरचा रुमाल ओढून काढला. माझी हनुवटी धरली आणि माझं तोंड आपल्याकडे वळवलं. इतक्या जवळून तिचा चेहरा मी कितीतरी वर्षांत बघितला नव्हता. ओठ दिसले.

"थांबा."

ब्रेकवर उभा राहिलो. गाडी आडवी होत होत थांबली. काचेच्या पुढे चार हातांवर मालगाडी. फाटक नव्हतं, उसाच्या मधून एकदम रूळ. मी डबे मोजले. दुसरं काही सुचेना. एक्केचाळीस. काच थरथरत होती, लिंबू-मिरची गोल फिरत होती, साक्षीचं तोंड उघडं होतं म्हणजे ती ओरडत असणार. एक्केचाळीस डबे माझ्या नाकासमोरून गेले आणि एकाचाही आवाज आला नाही.

शकूने माझी हनुवटी सोडली नव्हती. हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलली. म्हणाली, "तुम्हाले ऐकू येत नाही. मले सहा वर्षांपासून ठाऊक आहे. मी म्हटलं, लूमवर कोणाचं काय अडतं. मी म्हटलं, तुम्हाले कोण गाडी देईल."

मी म्हणालो, हल्ली मालगाड्यांना आवाज कमी ठेवतात. नवं इंजिन असेल.

तिने हनुवटी सोडली. साक्षीला घेऊन उतरली.

सकाळी ११.२०

मागचेही उतरले. मुलांना एकेक करून खाली दिलं. मी खिडकीतून सांगितलं की रूळ आता मोकळे आहेत, नवापूर चार तासांत येईल. कोणी चढलं नाही. गणपतबाबा माझ्याकडे न बघता गाठोडं डोक्यावर घेऊन निघाले. प्रदीप माझ्याजवळ आला. दोन्ही तळहात वर केले. सालटं निघाली होती. दाखवले आणि गेला.

सगळे रुळांवरून पलीकडे गेले. बारडोलीकडे चालत. पस्तीस जण. शकू शेवटी, साक्षीचं बोट धरून.

सकाळी ११.४०

विचार केला. माणसं घाबरली की असं होतं. थोडं पुढे जातील, ऊन लागेल, पाय दुखतील, मग परततील. त्यांना फक्त कळायला हवं की गाडी तयार आहे.

एवढं लांब हाक पोचणार नाही. हॉर्न दाबला.

काही नाही. तेच डासाचं गुणगुणणं, तेही नाही. साडेतीनशे रुपये पाण्यात. पुन्हा दाबला, तळहाताने, सगळा भार देऊन, आणि दाबूनच ठेवला.

उसाच्या बांधावर बाभळीचं झाड आहे. त्यावरचे सगळे बगळे एकदम उडाले. रस्त्यावर एक गाय उधळली. आणि लांब, पार त्या वळणाजवळ, सगळेच्या सगळे थबकले. मुलांनी कानांवर हात ठेवले. शकूने मागे वळून बघितलं. बराच वेळ बघत होती. काही बोलली का, दिसलं नाही. मग तिने रुमाल परत तोंडाला बांधला.

हॉर्नमध्ये काही बिघाड नाही.